जुवारियाची अंघोळ

सुंबरवारूत कुणाच्या घरी बाई गेली की रडायला बसण्याआधी घरातलं कुणीतरी माक सातुपाकडे धावायचं. माक म्हणजे आई. सगळी वस्ती तिला माक म्हणे, तिच्याहून वयाने मोठ्या बायकासुद्धा. पुरुषांचं मयत मशिदीचा मोदिन पाहायचा. लग्न लावणारा तोच आणि शेवटची अंघोळ घालणाराही तोच. बायकांना हात लावायचा तो माकनेच. जावा बेटावरच्या सुराबायाच्या गोदीमागे चिकटून वसलेली ही वस्ती. एका घरात शिंकलं की तिसऱ्या घरातून बरं वाटेल असा काढा यायचा. अशा ठिकाणी माकचा मान मोठा होता, पण तिला लग्नाकार्यात स्वयंपाकाला हात लावू देत नसत. मान आणि किळस दोन्ही लोक एकाच दारातून आणतात, त्याला इलाज नाही.

हे काम ती कुणाकडे शिकायला गेली नव्हती. सासू हे करायची. सासू गेली तेव्हा तिला धुणारी दुसरी कुणी नव्हती, म्हणून सातुपा पुढे झाली. आयुष्यभर सासू तिच्या अंगावर खेकसली होती. त्या दिवशीही मयत धुवायला मांडलेल्या केळीच्या सोटांवर पडल्या पडल्या ती खेकसतेच आहे असं सातुपाला वाटत राहिलं. कोपर धर, मान सोडू नको, पाणी नाकात घालू नको. सातुपा मुकाट्याने ऐकत गेली आणि काम शिकली. सासूचं तेवढंच एक बरं केलेलं, असं ती हसत सांगायची.

तिची एक खोड होती. धुताना ती मेलेल्या बाईशी बोलायची. भाताच्या काडाची राख पाण्यात भिजवून केस धुवायची आणि म्हणायची, "मान कर गं इकडे, आता कसली लाज." कोपऱ्यावरच्या वाण्याची बायको भारी चिक्कू, ती गेली तेव्हा माक पडद्याआडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, "जन्मभर दुसऱ्याला थेंब मोजून दिलास, आज घे मनसोक्त." बाहेर बसलेल्या मुलांना रडता रडता हसू फुटलं. त्यांनी नंतर तिला कोंबडी पाठवली.

मग जपानी आले, आणि तीन-साडेतीन वर्षांत हे सगळं आटलं. आधी तांदूळ गेला, मग कापड गेलं. माणसं तागाची पोती नेसू लागली. कफनाला कापड कुठलं. चटईत गुंडाळून न्यायची वेळ आली. म्हाताऱ्या बायका आपलं कफन आधीच घेऊन पेटीत ठेवतात, तसं माकनेही ठेवलं होतं. ते तिने कुणाकुणाला फाडून देऊन टाकलं. उपासाने गेलेल्या बायका इतक्या हलक्या असत की माक एकटीच त्यांना कुशीवर वळवायची. त्या काळात कधीतरी तिचं बोलणं थांबलं. केव्हा, ते तिलाही सांगता आलं नसतं. हात आपले काम करत राहायचे आणि बाकीची माक कुठे असायची कुणास ठाऊक.

ते फक्त तिच्या लेकीच्या लक्षात आलं. जुवारिया तिची एकुलती एक. तिचा नवरा जपान्यांनी रेल्वे बांधायला म्हणून नेला तो परत आला नाही. पदरात लास्त्री नावाची लहान पोर. एवढं होऊनही ही बाई नको तिथे हसायची. मोदिन दुवा मागताना खाकरला तरी हिला हसू. एकदा तिने आईला विचारलं, "माक, तू हल्ली त्यांच्याशी बोलत का नाहीस?"

"काय बोलायचं? सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं. भूक."

यावरही जुवारिया हसली, आणि माकला तिचा राग आला. राग आला म्हणून थोडं बरंही वाटलं होतं, कारण त्या दिवसांत तिला काहीतरी वाटण्याचा तो एकच प्रकार उरला होता.

ऑगस्टमध्ये जपानी हरल्याचं आणि देश स्वतंत्र झाल्याचं ऐकू आलं. जपान्यांआधी राज्य होतं डचांचं; लोकांनी त्यांचे झेंडे मिळवले, त्यांची खालची निळी पट्टी फाडून टाकली, की झाला आपला झेंडा, वर लाल खाली पांढरा. ऑक्टोबर सरता सरता बंदरात इंग्रजांची जहाजं लागली आणि खाकी शिपाई उतरले. जपान्यांची हत्यारं गोळा करायला आलोय म्हणाले. त्यांच्या पाठीमागून डच परत येणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. शिपाई बहुतेक सावळे, इंग्रजांच्या हिंदुस्थानी पलटणीतले. त्यांत आपल्या घाटावरचे गडीही होते, पण वस्तीत सगळ्यांना सरसकट गुरखाच म्हणत. आधी पत्रकं पडली, हत्यारं टाका म्हणून. मग एका दुपारी गोळीबार सुरू झाला आणि सगळ्या शहरातून माणसं मिळेल ते घेऊन धावली. ज्यांच्याकडे बंदूक नाही त्यांनी बांबू तासून भाले केले.

शाळेच्या अंगणात मोठ्या चुली पेटल्या. तिथली मुकादम पाइंतेन, माकची शेजारीण, जिभेची तिखट आणि भाताच्या बाबतीत उदार. बायका केळीच्या पानात भात बांधायच्या आणि नाक्यानाक्यावर लढणाऱ्या पोरांना पोचवायच्या. जुवारिया त्यात होती. तिने साखरेच्या पांढऱ्या पोत्याला लाल कापड जोडून एक ओढणी केली होती, आणि त्याच ओढणीची झोळी करून ती पुड्या पाठीवर घ्यायची. ओझ्याने ओढणीचा काठ फाटला. घरात दुसरं कापड नव्हतं, म्हणून माकने आपल्या जुन्या नीळ घातलेल्या चोळीची पट्टी काढून काठाला लावून दिली. नीळ इतकी जुनी की घरातल्या अंधारात ती पट्टी काळीच दिसायची. दोघींपैकी कुणाच्याही मनात काही आलं नाही.

आता त्या दिवसांत निळा रंग वाईट ठरला होता. लाल, पांढरा आणि निळा एकत्र दिसले की तो माणूस डचांचा हेर, असं कुणीतरी ठरवलं आणि सगळ्यांनी मानलं. कुणाचा रुमाल पाहायचे, कुणाच्या टोपीचं अस्तर उलटं करायचे. एका न्हाव्याला त्याच्या डबीवरच्या चित्रापायी कालव्यात टाकलं. हे खूळ होतं. पण खूळ आहे असं म्हणायची सोय नव्हती, कारण म्हणणाऱ्याचीच झडती आधी व्हायची.

पाइंतेन बातमी घेऊन आली तेव्हा माक दारात बसून लास्त्रीच्या डोक्यातल्या उवा काढत होती. पाइंतेन उभी राहिली आणि पोरीला म्हणाली, जा, आमच्याकडे खोबरं किसलंय ते खा. पोर गेली. मग ती माकच्या समोर मातीत बसली आणि एका दमात सगळं सांगितलं.

दोघी मिळून पलीकडच्या पुलाच्या नाक्याकडे भात घेऊन निघाल्या होत्या. पाइंतेनच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून ती मागे राहिली. नाक्यावरची पोरं दुसऱ्या वस्तीतली, ओळखीची नव्हती. रात्रभर त्यांच्यावर गोळ्या चालल्या होत्या, दोन सोबती गेले होते, सगळ्यांचे डोळे तांबारलेले. त्यांनी जुवारियाला झोळी सोडायला लावली. तिने पुड्या खाली ठेवल्या आणि ओढणी उन्हात पसरून धरली. उन्हात ती पट्टी निळी दिसली.

"हसली गं ती," पाइंतेन म्हणाली. "तिला वाटलं थट्टा करतायत. म्हणाली, माझ्या आईने लावलंय ठिगळ. तर एकजण म्हणाला, कोण तुझी आई? ही म्हणाली, मयतं धुते. तर तो म्हणतो, मग बरंच झालं, बोलवायला लांब जायला नको."

पाइंतेन एका भिंतीआड होती. तिने तोंडात आपली ओढणी कोंबली आणि सगळं पाहिलं. ओरडले असते तर माझीही तीच गत होती, असं ती दोनदा म्हणाली. माकने तिला दोष दिला नाही. तिने फक्त विचारलं, कशाने. भाल्याने, पाइंतेन म्हणाली. माकने मान हलवली, हातातली फणी उशाखाली ठेवली आणि उठून चूल विझवली. रडू येईल म्हणून पाइंतेन तिच्या पाठीवर हात ठेवून थांबली, पण काही आलं नाही. माकलाही वाटलं होतं की येईल. ती वाट पाहत उभी राहिली, आणि तिच्या मनात आलं ते एवढंच, की घरातलं पाणी पुरणार नाही.

दुपार कलताना त्यांनी जुवारियाला आणलं. दाराच्या फळीवर घातलेली, वरून नवाकोरा लाल-पांढरा झेंडा पांघरलेला. पुढे कुस्नान होता. हा त्या नाक्याचा म्होरक्या. जेमतेम पंचविशीचा, पूर्वी गोदीच्या कारखान्यात खिळे ठोकायचा, आता कमरेला जपानी पिस्तूल. मागे त्याची पोरं, भाले घेऊन. गल्ली माणसांनी भरली. कुस्नानने मोठ्याने सांगितलं की ही बहीण आपल्याला भात पोचवताना गुरख्यांच्या गोळीने शहीद झाली. बायकांनी हंबरडा फोडला. माकने फळी आत घ्यायला सांगितली आणि कुस्नानला म्हणाली, तू आत ये.

आत चुलीपाशी ती, पाइंतेन आणि कुस्नान. पाइंतेनकडे पाहिल्यावरच त्याला समजलं की इथे गोळीची गोष्ट चालायची नाही. त्याने पिस्तूल उगाच चाचपलं, मग हात काढून घेतला.

"पुड्या आमच्याच नाक्याच्या होत्या," तो म्हणाला. "नंतर कळलं. एकजण म्हणाला ही माकची मुलगी."

"मारा कोण म्हणालं?"

"मी."

 मग तो बोलतच राहिला, भरभर, पाठ करून आल्यासारखा. गेलेली तर परत येत नाही. तिला शहीद म्हणून नेऊ. शहिदाला अंघोळ नसते, अंगावरच्या रक्तासकट पुरतात, म्हणजे कुणाला काही दिसायचं नाही. नाव राहील. धुतलं तर लोक विचारतील, शहीद असून का धुतलं. मग जखमा दिसतील. "भाला काही इंग्रजाकडे नसतो, माक. लोक म्हणतील, आपल्याच पोरांनी मारली म्हणजे हेरच असणार. मग तुमची नात हेराची पोर झाली. परवा एका हेराच्या घरादाराचं काय झालं, तुम्हाला ठाऊक आहे."

तो धमकी देत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि ते खरंही होतं. एवढ्यात मोदिन आत आला, मुकायत त्याचं नाव, भित्रा पण माणूस वाईट नव्हे. त्यानेही तेच सांगितलं. शत्रूच्या हातून, लढाईत गेली असेल तर अंघोळ नको. नाहीतर घालायला हवी. तू सांगशील तसं, म्हणाला. पण त्याचा चेहरा सांगत होता की तिने काय सांगावं. पाइंतेनने तर तिचे हातच धरले. "शहीद म्हणू दे की गं. तिचं आता काय व्हायचंय? लास्त्रीचं बघ."

तिघंही बरोबर बोलत होते. माक ऐकत होती आणि फळीवर पाहत होती. झेंडा डोक्यापाशी थोडा सरकला होता.

"तिच्या केसात चिखल आहे," माक म्हणाली.

 पाइंतेनला वाटलं ही भ्रमिष्ट झाली. माकने झेंडा काढला, नीट घडी केला आणि कुस्नानच्या हातात दिला. मोदिनला म्हणाली, "लढाईत नव्हती ती, आणि शत्रूही नव्हता. केळीचे सोट आणायला सांग." मग कुस्नानला म्हणाली, "तुमच्याकडे जपान्यांच्या गोदामातलं पांढरं कापड आहे म्हणे. एक पोरगा पाठव, कापड मागव. तू विहिरीवर जा. पाणी काढ."

"मी?"

"मग काय मी जाऊ?"

तो गेला. अंगणात पोत्या-चटयांचा आडोसा झाला, सोट आले, राख भिजली. बाहेर गल्लीत शब्द पसरत गेला की धुतायत, आणि रडणं हळूहळू बंद पडलं. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. दोघं-तिघं घरी जाण्याच्या बेताने मागे सरकले, आणि भालेवाल्या पोरांकडे पाहून पुन्हा जागेवर आले. आडोशाच्या पलीकडून कुस्नान बादली ठेवायचा, पाइंतेन ती आत ओढायची. विहिरीचा रहाट करकरत होता, तेवढाच काय तो आवाज.

माकने लेकीचा चेहरा धुतला, मग केस. चिखल सुटायला वेळ लागला. राखेचं पाणी तीनदा घालावं लागलं. मग अंग. पोटावर आणि बगलेखाली जखमा होत्या, त्यात बांबूच्या कपच्या अडकल्या होत्या. त्या तिने नखांनी एकेक काढून पानावर ठेवल्या आणि जागा सावरीच्या कापसाने भरली. पाइंतेनला पाहवेना, ती पाठ करून उभी राहिली. माकला पाहवत होतं. हे तिच्या जन्मातलं सगळ्यात मोठं दुःख आहे हे तिला कळत होतं, जसं पलीकडच्या गल्लीत आग लागलीय हे कळावं तसं. तिने काही बोलून पाहायचं ठरवलं. तोंड उघडलं. एकही शब्द आला नाही, मग तिने ते मिटून घेतलं आणि डावी कूस धुवायला घेतली.

कापड चांगलं होतं, जाड, कोरं. अशा कापडाला ती साडेतीन वर्षं शिवली नव्हती. तिने जुवारियाला गुंडाळलं, कापूर घातला, गाठी मारल्या.

जनाजा दारापुढे ठेवला. तिथे जनाजा उचलण्याआधी मोदिन जमलेल्यांना विचारतो, हे माणूस कसं होतं, आणि सगळ्यांनी चांगलं होतं म्हणायचं. तीनदा विचारायचं, तीनदा सांगायचं. माणूस कसाही असो, हे सांगणं कुणी चुकवत नाही; त्या चिक्कू वाणिणीलाही लोक घसा ताणून चांगली म्हणाले होते. मग ते माणूस वरही चांगलं ठरतं आणि मागे वस्तीतही.

मोदिन मुकायतने घसा साफ केला. "मंडळी, ही बाई कशी होती?"

गल्ली गप्प. मागे कुणीतरी पुटपुटलं, पण ते तिथेच विरलं. धुतलेली म्हणजे शहीद नव्हे. शहीद नव्हे तर मग काय, हे सगळ्यांना उमगलं होतं. हेराला चांगली म्हणून आपल्या अंगावर कोण ते ओढवून घेणार? तिच्या हातचा भात खाल्लेली माणसं पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभी होती. मोदिनने घाबरून माककडे पाहिलं.

अशा वेळी बायका आत असतात. माक उंबऱ्याबाहेर आली. तिचे हात अजून ओले होते. कुस्नान विहिरीच्या कठड्यापाशी उभा होता, बाह्या भिजलेल्या, घडी केलेला झेंडा खांद्यावर टाकलेला. ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि मोदिनला म्हणाली, "पुन्हा विचार."

"ही बाई कशी होती?"

"तू सांग," माक कुस्नानला म्हणाली.

त्याची पोरं त्याच्याकडे पाहत होती. चांगली होती म्हणायचं, तर मग मारली का? हा प्रश्न त्या पोरांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. तो उद्या त्यांना कुठल्या तोंडाने हुकूम देणार होता? त्याने ओठ हलवले.

"चांगली होती."

"मोठ्याने सांग. मागे ऐकू जात नाही."

मोदिनने न सांगताच तिसऱ्यांदा विचारलं. कुस्नान ओरडला, "चांगली होती," आणि त्याचा आवाज मध्येच फाटला. त्याच्यामागे भालेवाली पोरं ओरडली, त्यातल्या एकाने भाला खाली टाकला होता. मग अख्खी गल्ली ओरडली. लोक इतक्या मोठ्याने ओरडले की पाइंतेनच्या घरातून लास्त्री खोबऱ्याने भरलेलं तोंड घेऊन बाहेर आली. तिला कुणी हेराची पोर म्हणायची आता कुणाची छाती नव्हती. माकला हेच हवं होतं आणि ते मिळालं होतं. तिला बरं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

पुरुष खांदा द्यायला वाकले. कुस्नानही पुढे झाला, पुढच्या बाजूचा दांडा त्याने धरलाच होता.

"तू नको," माक म्हणाली.

त्याने दांडा सोडला. शेजारच्या माणसाने तो घेतला आणि जनाजा गल्लीच्या तोंडाकडे निघाला. पुलाच्या बाजूने पुन्हा गोळ्यांचा आवाज येऊ लागला होता. वरच्या वस्तीतली एक बाई केव्हाची माकला काही सांगायला थांबली होती. तिची जाऊ खिडकीतून आलेल्या गोळीने गेली होती.

"आलेच," माक तिला म्हणाली. मग कुस्नानकडे वळली. "ते केळीचे सोट नीट धुऊन घे आणि माझ्या मागे ये. तिथे पाणी काढायला कुणी नसेल."

कुस्नान आडोशात गेला. सोट अजून ओले होते. त्याने खाली बसून ते धुवायला सुरुवात केली.